डोहाळे, माती आणि जस्त : गर्भिणीच्या आहारविचाराचा एक इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई या शाळेत गृहशास्त्र शिकवीत. त्यांच्या स्मृतिव्याख्यानांत आजवर संतसाहित्य झाले, निजामी राजवटीतील मराठी शिक्षण झाले, नाटक झाले. बाईंचा स्वतःचा विषय, म्हणजे माणसाचे अन्न, मात्र एकदाही आला नाही. ही उणीव एका मराठीच्या प्राध्यापकाने भरून काढावी हे काहीसे विपरीतच. परंतु या विषयाचे दार भाषेतून उघडते, आणि त्या दारापर्यंतची वाट तरी मला ठाऊक आहे. पुढचे मी वाचून आणि जाणकारांना विचारून घेतले आहे.

ते दार म्हणजे 'डोहाळे' हा शब्द. संस्कृतात 'दोहद', पालीत आणि प्राकृतात 'दोहळ', आणि आपल्याकडे डोहळा, डोहाळा, डोहाळे. आयुर्वेदाचे आचार्य या शब्दाचा संबंध 'दौहृद' या रूपाशी जोडतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. त्यामुळे गर्भिणीच्या ठायी दोन हृदये नांदतात, आणि तिच्या मुखातून जी इच्छा निघते ती केवळ तिची नसते. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल याविषयी वाद होऊ शकेल. तीमागची कल्पना मात्र विलक्षण आहे : आईच्या जिभेतून गर्भ बोलतो. सुश्रुत पुढे असेही बजावतो की दौहृद पुरवले नाही तर संतती कुबडी, लुळी, पांगळी, जड बुद्धीची, खुजी किंवा डोळ्यांनी अधू निपजते. आजच्या शास्त्राने सुश्रुताला खरे ठरवले, असे टाळ्या घेणारे विधान मी येथे करणार नाही. प्राचीनांना सर्व ठाऊक होते असे म्हणणे हा प्राचीनांचा गौरव नव्हे. ते त्यांना न वाचण्याचे निमित्त होते. त्या आचार्यांपुढे प्रश्न कोणता होता, एवढेच आपण ध्यानात ठेवू. आईच्या पोटात जे जात नाही त्याचे व्रण मुलाच्या अंगावर उमटतात काय, असा तो प्रश्न होता.

दुसरी साक्ष कालिदासाची. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणा माती खाते. दिलीप राजा एकांतात तिच्या मुखाचा मातीचा सुगंध घेतो आणि त्याची तृप्ती होत नाही. कवीने या मातीचे कारणही दिले आहे : होणारा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला अगोदर पृथ्वीची गोडी लागली. कल्पना राजवंशाला शोभेशीच आहे. परंतु ज्या स्त्रिया राजवंशातल्या नव्हत्या त्याही माती खात आल्या. भाजलेल्या खापराचा तुकडा, चुलीची माती, पाटीवरची पेन्सिल, कोळसा, कच्चे तांदूळ यांचे डोहाळे आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांना चांगले परिचित होते. त्यांपैकी कोणाचा पुत्र सार्वभौम झाला नाही. मग ही माती काय सांगत होती?

या प्रश्नाचा एक धागा विसाव्या शतकात इराणमधील शिराझ नगरात हाती आला. तेथे जाण्यापूर्वी जस्ताविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

जस्त आपल्याला बादलीवरून, छपराच्या पत्र्यावरून आणि ट्रांझिस्टरच्या सेलवरून ठाऊक. पितळेत ते तांब्याच्या सोबतीने असते. हा धातू मोठा पळपुटा. त्याचे खनिज कोळशाबरोबर तापवले की ज्या उष्णतेत धातू मोकळा व्हावा त्याच उष्णतेत त्याची वाफ होते, आणि भट्टी उघडावी तर आत राख. या वाफेला पकडण्याची युक्ती उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनी साधली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस उलटी ठेवायची, वरून आच द्यायची आणि खालच्या नळीतून थंड होणारे जस्त गोळा करायचे. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात ही वृन्ताक मूषा वर्णिली आहे. जावरच्या डोंगरात अशा वापरलेल्या मुशांचे ढीग अजून पडलेले आहेत. १९८० नंतरच्या दशकात त्यांचा शोध घेणाऱ्या मंडळींत ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या जोडीने बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही होते. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टल येथे जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये; जावरच्या भट्ट्या त्याच्या कित्येक शतके आधीच्या. चौदाव्या शतकातील मदनपाल निघंटूत 'जसद' हा स्वतंत्र धातू म्हणून येतो. पुढे वैद्यांच्या 'यशद भस्मा'त त्याला संस्कृत पोशाख मिळाला. खनिजाला मराठीत कलखापरी म्हणतात. जुन्या वैद्यांच्या बटव्यात ती असे. म्हणजे धातू आपला, भट्टी आपली, औषधही आपले. आणि तरीही हे जस्त प्रत्येक जिवंत पेशीला अन्न म्हणून लागते, ही गोष्ट आपल्याला किंवा जगात अन्य कोणाला १८६९ पर्यंत सुचली नव्हती. त्या वर्षी पाश्चरचा शिष्य ज्यूल रोलाँ याने दाखवले की भाकरीवर येते तशी काळी बुरशी जस्तावाचून वाढत नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे उंदरांविषयी तेच सिद्ध झाले, १९५५ मध्ये डुकरांविषयी. माणसाची पाळी त्यानंतर आली. कारण सर्वांची समजूत अशी की जस्त अन्नात सर्वत्र आहे. ज्याची टंचाई पडू शकत नाही त्याचा अभ्यास कशासाठी करायचा?

शिराझ म्हणजे सादी आणि हाफिज यांचे नगर. दख्खनच्या बहामनी सुलतानाने हाफिजला आमंत्रण धाडले, तो होर्मुजपर्यंत आला आणि समुद्राचे तुफान पाहून परत फिरला, अशी कथा फिरिश्त्याने नोंदवली आहे. हाफिज दख्खनला आला नाही. परंतु सुमारे सहा शतकांनी एक बिहारी वैद्य शिराझला गेला. आनंद प्रसाद यांचा जन्म १९२८ चा, बक्सरचा. पाटण्यास वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले, तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९५८ मध्ये अध्यापनासाठी शिराझला पोचले. तेथील सादी रुग्णालयात जेम्स हॉलस्टेड या अमेरिकन वैद्यांनी त्यांच्यापुढे एक रोगी आणला. (हे हॉलस्टेड राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे जावई. इतिहासात असे नातेसंबंध कोठे भेटतील याचा नेम नसतो.)

रोगी एकवीस वर्षांचा होता. दिसत होता दहा वर्षांच्या मुलासारखा. मिसरूड नाही, तारुण्याचे एकही चिन्ह नाही. यकृत आणि प्लीहा वाढलेली, त्वचा खरखरीत, बुद्धी मंदावलेली आणि रक्त अत्यंत पातळ. आहार काय, तर गव्हाची कोंड्यासकट केलेली, न आंबवलेली रोटी. मांस, दूध, अंडी जवळजवळ नाहीत. त्याखेरीज हा तरुण दररोज सुमारे अर्धा किलो माती खात असे. असे आणखी दहा रुग्ण अल्पावधीत मिळाले, कारण त्या परिसरातील खेड्यांत अशी खुजी माणसे आणि ही माती खाण्याची सवय दोन्ही सरसकट होती.

लोहाच्या कमतरतेने रक्त पातळ होते हे प्रसादांना माहीत होते. परंतु लोहाच्या कमतरतेने उंची खुंटत नाही आणि तारुण्य थांबत नाही. त्यांनी प्राण्यांवरील प्रयोग आठवले : जस्त न मिळालेली पिल्ले वाढत नाहीत आणि त्यांची वृषणे सुकतात. लोह आणि जस्त एकाच वेळी आतड्यात अडवले जात असतील तर? अडवणारे तिथेच होते. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते या धातूंना घट्ट धरून ठेवते. आणि चिकणमातीही तसेच करते. १९६१ मध्ये प्रसाद, हॉलस्टेड आणि नदीमी यांनी हा तर्क छापला. तर्काची सिद्धता इजिप्तमध्ये झाली. तेथील तशाच खुज्या तरुणांच्या रक्तात आणि केसांत जस्त कमी आढळले, आणि जस्त दिल्यावर त्यांची उंची वर्षात सुमारे पाच इंच वाढली. काही महिन्यांतच तारुण्याची लक्षणे दिसू लागली. वैद्यकजगताने हे सहजी मानले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने माणसाच्या दैनंदिन आहारात जस्ताची गरज अधिकृतपणे नमूद केली ती १९७४ मध्ये. प्रसाद २०२२ मध्ये निवर्तले.

या कथेत एक गोष्ट मला खटकते. प्रारंभीच्या अभ्यासाचा सारा झोत तरुण पुरुषांवर होता. मिसरूड न फुटलेला पुरुष हा कुटुंबाला आणि वैद्याला तत्काळ दिसणारा दोष असतो. त्याच रोटीवर वाढलेल्या, तीच माती खाणाऱ्या आणि त्यातच गरोदर राहणाऱ्या त्याच्या बहिणीचे काय? हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये शिराझचाच दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन स्त्रिया आहेत. दोन.

गर्भिणीकडे शास्त्र वळले ते उंदरांच्या वाटेने. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे ल्युसिल हर्ली या विदुषीने आणि स्वेनर्टन या सहकारिणीने १९६६ मध्ये गाभण उंदरांना जस्तविरहित अन्न दिले. बरेच गर्भ पोटातच विरून गेले. जी पिल्ले जन्मली त्यांतील बहुसंख्यांना व्यंगे होती. टाळू फाटलेली, बोटे जुळलेली, मेंदू अपुरा, डोळे नाहीत. पुढील प्रयोगांत त्यांना जे आढळले ते मला याहून महत्त्वाचे वाटते. संपूर्ण गरोदरपणात नव्हे, मोजक्या काही दिवसांत जस्त मिळाले नाही तरी व्यंगे येत. आणि आईच्या स्वतःच्या शरीरात जस्त असूनही गर्भाला ते मिळत नसे. कॅल्शियम हाडांतून काढून गर्भाला देता येते. जस्तही हाडांत आणि स्नायूंत भरलेले असते, पण गरजेच्या वेळी हव्या त्या वेगाने ते बाहेर येत नाही. जस्ताची पेटी बंद, किल्ली नाही. रोजचे रोज ताटातूनच यावे लागते. आई आपल्या हाडामांसातून मुलाला हवे ते देते, हे आपल्या साऱ्या मातृवर्णनपर काव्याचे गृहीतक येथे निरुपाय होते.

माणसांतील पुरावा दुर्मीळ आजारातून मिळाला. आतड्यात जस्त शोषलेच जात नाही असा एक आनुवंशिक त्वचारोग आहे. १९४२ मध्ये नॉर्वेच्या दानबोल्ट आणि क्लॉस यांनी त्याचे वर्णन केले, आणि तो जस्ताने बरा होतो हे लंडनच्या मॉयनाहान यांनी १९७३ मध्ये दाखवले. हा उपाय सापडण्यापूर्वी ज्या रुग्ण स्त्रिया गरोदर राहिल्या त्यांच्या नोंदी हॅम्ब्रिज आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तपासल्या, तेव्हा गर्भपात आणि जन्मजात व्यंगे तेथेही आढळली. तुर्कस्तानात आयहान चावदार यांनी माती खाणाऱ्या मुलांपासून सुरुवात करून हाच माग गरोदर स्त्रियांपर्यंत नेला.

जस्त शरीरात करते तरी काय? येथे आपण संप्रेरकांच्या प्रदेशात येतो. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीने रक्तातून दुसऱ्या अवयवाला धाडलेला निरोप. निरोप पोचून भागत नाही. तो वाचणाराही लागतो. स्त्रीत्वाची दोन प्रमुख संप्रेरके, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, तसेच थायरॉइडचे संप्रेरक यांचे निरोप पेशीत जी प्रथिने वाचतात त्यांच्या घडीत जस्ताचे अणू असतात. ते अणू प्रथिनाला बोटासारखा आकार देतात, आणि त्या बोटांनी ते प्रथिन जनुकाला धरते. केंब्रिजमध्ये एरन क्लुग यांनी १९८५ मध्ये बेडकाच्या एका प्रथिनात ही 'जस्ताची बोटे' प्रथम ओळखली. जस्त नसेल तर पत्र येते, पण फोडणारे बोट नसते. शरीराची वाढ घडवणाऱ्या संप्रेरकांची साखळीही जस्ताच्या अभावी मंदावते. शिराझच्या तरुणाची दहाव्या वर्षी थांबलेली उंची हा त्याचाच ढळढळीत दाखला.

दुसरा संबंध इन्सुलिनचा. टोरोंटोच्या स्कॉट यांनी १९३४ मध्ये दाखवले की इन्सुलिनचे स्फटिक बनण्यास जस्त लागते. स्वादुपिंडातील पेशी इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती गुंफून कोठारात ठेवतात. ही गुंफण कशी आहे ते डोरोथी हॉजकिन यांच्या चमूने ऑक्सफर्डमध्ये १९६९ मध्ये उलगडले. त्या चमूत आपले एम. विजयन होते. गरोदरपणात या कोठाराची परीक्षा होते. शेवटच्या महिन्यांत वार स्वतःची संप्रेरके सोडते आणि त्यांच्या प्रभावाने आईची ऊती इन्सुलिनला दाद देईनाशी होते, जेणेकरून रक्तातील साखर आईने न वापरता गर्भाकडे वळावी. ही निसर्गाची योजनाच आहे. १९६२ मध्ये सापडलेले वारेचे लॅक्टोजेन हे तिच्यातील एक पात्र. आईच्या स्वादुपिंडाला मग अधिक इन्सुलिन करावे लागते. ते जिला झेपत नाही तिला गरोदरपणातील मधुमेह होतो.

येथून सरळ उडी मारण्याचा मोह होतो : जस्त वाढवा, मधुमेह टाळा. इतिहास सावध करतो. इन्सुलिनच्या कोठारात जस्त नेणारे एक वाहक प्रथिन २००४ मध्ये ओळखले गेले. २००७ मध्ये त्याच्या जनुकातील एका फरकाचा मधुमेहाशी संबंध आढळला आणि तर्क पूर्ण झाल्यासारखा वाटला. २०१४ मध्ये असे दिसले की ज्या माणसांत या वाहकाची एक प्रत निकामीच आहे त्यांना मधुमेह कमी होतो. उलटेच! शरीर आपल्या उपमांप्रमाणे चालत नाही.

गर्भिणीची गरज मोजण्यातही अशीच अडचण. प्रौढ शरीरात सुमारे दोन ग्रॅम जस्त असते. नऊ महिन्यांत गर्भ, वार आणि आईच्या वाढलेल्या ऊती मिळून अवघे शंभर मिलिग्रॅम जादा साठवतात. म्हणजे गव्हाच्या दोन-तीन दाण्यांएवढे वजन. शेवटच्या महिन्यांत गरज सर्वाधिक. रक्त तपासावे तर गरोदरपणात रक्त पातळ होतेच, त्यामुळे जस्ताचा आकडा धडधाकट स्त्रीतही उतरतो. आकडा उतरला म्हणून कमतरता आहे असे म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये गर्भिणीसाठी रोज १४.५ मिलिग्रॅमची शिफारस केली. अमेरिकेत ती ११ आहे. आपला आकडा मोठा, कारण आपल्या ताटातील भाकरी-डाळीच्या फायटेटमुळे त्यातील बराच भाग आतड्यातून तसाच निघून जातो.

उपाय म्हणून गोळी द्यावी हे ओघानेच आले. १९९५ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी रक्तात जस्त कमी असलेल्या ५८० गरीब कृष्णवर्णीय गर्भिणींची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना रोज २५ मिलिग्रॅम जस्त दिले होते. त्यांची बाळे सरासरीने १२६ ग्रॅम अधिक वजनाची भरली. आशा उंचावल्या. मग पेरूत झाले, ढाक्याच्या झोपडपट्टीत झाले. जिथे कमतरता अधिक असणार तिथे फळही अधिक मिळेल असा हिशेब होता, आणि वजनात काहीच फरक पडला नाही. सर्व चाचण्या एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात २०१२ मध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे १४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. २०२१ च्या सुधारित आढाव्यात पंचवीस चाचण्या आणि अठरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि निष्कर्ष असा की फरक अल्प किंवा नाहीच. जागतिक आरोग्य संघटना आज गर्भिणीला सरसकट जस्ताची वेगळी गोळी द्या असे म्हणत नाही. संशोधनाच्या चौकटीतच द्या म्हणते. मात्र ढाक्याच्या चाचणीतील एक उपकथानक नोंदले पाहिजे. ज्या मातांना जस्त मिळाले त्यांच्या कमी वजनाच्या बाळांना पुढे हगवणीचा त्रास कमी झाला. तराजूने जे दाखवले नाही ते बाळाच्या पुढच्या महिन्यांत दिसले.

मग शास्त्र चुकले काय? मला तसे वाटत नाही. येथे मुंबईची एक जुनी घटना आठवावी. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका एका भयंकर पांडुरोगाने मरत होत्या. हाफकिन संस्थेत काम करून, निकृष्ट आहारावर ठेवलेली माकडे आणि मग प्रत्यक्ष रुग्ण स्त्रिया यांना यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माईट, देऊन तिने त्या बायका वाचवल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. ते कृत्रिमरीत्या तयार झाले १९४५ मध्ये, आणि त्या प्रयोगशाळेचे नेतृत्व करणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमवरमचे, म्हणजे आपल्या शेजारचे. एक कमतरता, एक द्रव्य, एक विजय. या विजयाने पोषणशास्त्राला एक सवय लावली. प्रत्येक वेळी एकच हरवलेली किल्ली शोधायची. जस्ताच्या बाबतीत किल्ली एकटी हरवत नाही. ज्या ताटात जस्त नाही त्या ताटात लोह नाही, ब-१२ नाही, दूध नाही, बऱ्याचदा ताटात भाकरीही पुरेशी नाही. त्यातील एक जागा भरली तरी बाकीच्या जागा रित्याच राहतात. शिवाय मोठ्या मात्रेतील लोहाची गोळी रिकाम्या पोटी जस्ताचीच वाट अडवते. आपल्या देशात १९७० पासून गर्भिणींना लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि त्या दिल्याच पाहिजेत, पण दोन धातूंतील ही चुरस प्रदीर्घ काळ दुर्लक्षित राहिली.

ताट भरून पाहण्याचे प्रयोग आपल्या तीन शहरांच्या परिसरात झाले, आणि त्यांतील एक या शाळेपासून फार लांब नाही. १९१८ मध्ये मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला सुरू केलेली पोषण प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस आली. तीच तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था. १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ खेड्यांपैकी १५ खेड्यांत अंगणवाडी योजना सुरू झाली होती, १४ खेडी अद्याप वाट पाहत होती. योजनेच्या खेड्यांत गर्भिणींना आणि लहान मुलांना मका-सोयाबीनच्या पिठाचा उपमा मिळे. ही मुले तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधून काढण्यात आली; २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. उपमा मिळालेल्या खेड्यांतील मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच होती, आणि त्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक दाद देत होते. चौदा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे कोणी म्हणेल. परंतु आईच्या पोटात असताना तिला मिळालेला वाटीभर उपमा पंधरा वर्षांनी मुलाच्या रक्तात सापडतो, हे मला कोणत्याही काव्यातील दौहृदापेक्षा कमी अद्भुत वाटत नाही.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अभ्यास आरंभला. तेथील बाळे २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. परंतु पुण्याच्या बाळात घटले होते ते स्नायू. चरबी तितकीशी घटली नव्हती. दिसायला कृश, आतून स्थूल. मातांच्या आहारात पाहिले तर एकूण भाकरीच्या प्रमाणाशी बाळाच्या आकाराचा संबंध फारसा जुळेना; जुळला तो पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते, आणि ज्यांच्यात फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ अपुरे, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. ल्युसी विल्सची किल्लीसुद्धा एकटीच फिरवली तर कुलूप अडकते, असे हे निष्पन्न. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पुढे डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी पालेभाजी, फळे आणि दुधाचे खाद्य गर्भधारणेच्या आधीपासून देऊन पाहिले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण, साध्या खाद्याच्या गटात १२.४ टक्के तर या गटात ७.३ टक्के आले. त्या वाटीत जस्त होते, पण एकटे जस्त नव्हते.

फायटेटचे कुलूप सैल करण्याच्या रीती आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाहीत. मटकीला मोड आणणे, इडलीचे पीठ आंबवणे, ज्वारीचे किंवा नाचणीचे आंबील करणे; या प्रत्येक क्रियेत धान्यातलेच विकर फायटेट फोडतात आणि जस्त मोकळे करतात. इराणमध्ये रोटी आंबवून केली असता हेच घडते असे १९७० नंतरच्या संशोधनात दिसले. चपाती आणि भाकरी आपण आंबवत नाही, हा दख्खनच्या उत्तरार्धाचा तोटा. दक्षिणेकडील शेजाऱ्यांकडून आपण जे थोडे घेतले त्यात इडली घेतली हे बरे झाले. मात्र स्वयंपाकाची रीत कितीही चांगली असली तरी वाढण्याचा क्रम उरतोच. ज्या घरात पुरुष आधी, मुले मग आणि सून शेवटी जेवते, तेथे मोड आलेल्या मटकीच्या भांड्यात शेवटी रस्सा उरतो. डोहाळजेवण आपण सातव्या महिन्यात थाटाने करतो, पाच पक्वान्ने वाढतो, बर्फी की पेढा ओळखायला लावतो. हर्लीबाईंच्या उंदरांनी सांगितलेले दिवस तोवर केव्हाच मागे पडलेले असतात. टाळू, बोटे, मेंदू यांची घडण बहुधा घरात बातमी फुटण्यापूर्वीच झालेली असते.

पुण्याच्या संशोधकांनी नेमके हेच ओळखून २०१२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. १९९३ नंतर त्या सहा खेड्यांत जन्मलेली कृश-स्थूल बाळे आता स्वतः तरुण झाली होती. त्यांना, मुलींना आणि मुलांनाही, विवाहापूर्वी आणि गर्भ राहण्यापूर्वीच पूरके देण्यास आरंभ झाला : काहींना केवळ ब-१२, काहींना ब-१२ सोबत जस्तासह इतर सूक्ष्मपोषके आणि दुधाची भुकटी, काहींना केवळ प्लासिबो. त्या मुलींपैकी अनेक आज माता आहेत, आणि त्यांच्या बाळांची वजने, त्यांच्या नाळेतील रक्त आणि पुढे त्यांची वाढ यांची मोजणी त्याच खेड्यांत, पहिल्या पिढीच्या नोंदींशेजारी, चालू आहे.